हंगेरीतली 'चारदा' आणि आपला 'चार'

मंडळी, एक शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतोय. हंगेरीत गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला जी जुन्या वळणाची हॉटेलं असतात त्यांच्या पाटीवर 'चारदा' लिहिलेलं असतं (शेवटचा आ जरा ऑ कडे झुकतो). मागे डेब्रेत्सेनच्या पश्चिमेला होर्तोबाज्यच्या माळरानावर गेलो होतो, तिथली चारदा फार जुनी, मूळची १६९९ ची, आताची इमारत नंतरची. चुना दिलेली पांढरी बैठी इमारत, पुढे कमानींचा ओटा, आणि शेजारीच १८३३ साली पुरा झालेला नऊ कमानींचा दगडी पूल. गुयाश, म्हणजे तिथला मांसाचा रस्सा, मागवलं तर छोट्या लोखंडी स्टँडला टांगलेल्या कढईत आलं, पळी घातली की लाल तवंग बाजूला सरकतो, थेट आपल्या मटणाच्या रश्श्यासारखा. गुयाश म्हणजे मुळात गुराखी, त्याच्या जेवणालाही तेच नाव पडलं.

पण मला बोलायचंय ते चारदाबद्दल. हा शब्द मुळात फारसी 'चहार ताक', म्हणजे चार कमानी. ताक म्हणजे कमान किंवा कोनाडा, हिंदीत 'ताक पर रखना' म्हणतात तोच. तुर्कीत त्याचा 'चारदाक' झाला, तिथे आजही त्याचा अर्थ मांडव, अगदी द्राक्षाच्या वेलाचा मांडवसुद्धा. सर्बियन लोकांकडे तो लाकडी माडीला आणि सरहद्दीवरच्या पहाऱ्याच्या चौकीला लागला, आणि तिथून हंगेरियनमध्ये आधी चौकी, मग वाटेवरचा गुत्ता. त्यातला 'चहार' आणि आपला 'चार' एकाच मुळाचे, हे कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

प्रतिसाद : मस्त माहिती! मग होर्तोबाज्यच्या त्या कमानींवरूनच नाव पडलं असेल ना? आणि मराठीत याला खानावळ म्हणता येईल का?

मूळ लेखक : नाही हो, तो योगायोग. शब्द तिथे पोचला तोवर कमानी त्यातून केव्हाच गळून गेल्या होत्या, साध्या कुडाच्या खोपटालाही चारदाच म्हणत. खानावळ मला नाही पटत, खानावळीत महिन्याचे मेंबर असतात, रोजची तीच माणसं. चारदात येणार ते वाटसरू, गाडीवान, गुरं हाकत बाजाराला निघालेले लोक. होर्तोबाज्यला समोरच गाड्या सोडायची मोठी शेड होती, आता तिथे गुराख्यांचं म्युझियम आहे. ढाबा जवळचा वाटतो पण मुक्कामाची सोय धरली तर सराईच म्हणावं, आणि तोही फारसीच निघाला बघा.

प्रतिसाद : यात अजून एक भर घालतो. या चारदांमध्ये दरोडेखोर लपायला, प्यायला यायचे, त्यांना हंगेरियनमध्ये 'बेत्यार' म्हणतात, शांदोर रोझा हा त्यातला सगळ्यात नावाजलेला, १८७८ ला तुरुंगात वारला. हा बेत्यार म्हणजे आपला 'बेकार'! तुर्कीत बेकार म्हणजे बिनलग्नाचा, मग हंगेरीत हंगामी कामावर फिरणारा सडाफटिंग पोरगा, आणि शेवटी वाट अडवणारा.

मूळ लेखक : वा, हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे बेकार माणूस चार कमानींखाली येऊन बसला की हंगेरियनमध्ये तो चारदातला बेत्यार. आणि 'चारदाश' हा नाचही या चारदावरूनच, व्हायोलिन शिकणाऱ्यांनी माँटी या इटालियन संगीतकाराचं चारदाश वाजवलं असेल, आधी सुस्त आणि मग एकदम पळत सुटतं ते.