बायोडिझेल घातल्यापासून पाणी उपसायचं डिझेल इंजिन बंद पडतंय, मदत हवी आहे

ऊसवाला_पन्हाळा: अर्ध्या तासात दम सोडून बंद पडतंय. फिल्टर दोनदा बदलला. पंचगंगेकाठचा ऊस वाळायला लागलाय, लवकर सांगा.

उद्यमनगर_फिटर: बायोडिझेल किती टक्के? इंजिन किती जुनं? आधी टाकी धुतली होती?

कागलकर: बायोडिझेलच्या नादाला लागू नका. करंजाचं तेल गाळून थेट घाला, माझं पाच एचपीचं दोन हंगाम चाललंय. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावरच चालवून दाखवलं होतं.

रसायन_शिरोळ: प्रक्रिया न केलेलं तेल सुचवू नका हो. डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं, नोझलवर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोंडावर, कार्बन धरतो. त्यावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून ग्लिसरीन काढल्यावरच बायोडिझेल होतं.

कागलकर: महिन्याला नोझल उतरवून साफ करतो की.

उद्यमनगर_फिटर: मग ते आधी सांगायचं, दादा.

हातकणंगले_७: कारखान्याचं इथेनॉल घालून बघा.

रसायन_शिरोळ: ते पेट्रोलमध्ये मिसळतात. डिझेल इंजिनात कुणी घालू नका!

गडहिंग्लजकर: सोलर पंप घ्या, कटकटच नको.

ऊसवाला_पन्हाळा: सोलरचं विचारलेलंच नाही. इंजिन वडिलांच्या वेळचं. बायोडिझेल ओळखीच्याकडून कॅनमधून आणलं, निव्वळ तेच घातलं. टाकी धुतली नव्हती. फिल्टरमध्ये काळा गाळ येतो, रबरी पाईपही पाझरतोय.

उद्यमनगर_फिटर: आता कळलं. बायोडिझेल टाकीच्या तळाची वर्षानुवर्षांची मळी सोडवतं, ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. साधं रबर त्यानं फुगून मऊ पडतं. टाकी उतरवून डिझेलनं धुवा, पाईप विटॉनचा (बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराचा) घाला, नवा फिल्टर लावून लाईनमधली हवा काढा. पुढं डिझेलमध्ये बायोडिझेल 20 टक्क्यांच्या वर मिसळू नका.

रसायन_शिरोळ: आणि कॅनमधलं खरंच बायोडिझेल आहे का ते तपासा. एक भाग ते, नऊ भाग मिथेनॉल, बाटलीत हलवून ठेवा. तळाला तेल बसलं तर प्रक्रिया अर्धवट झालीय. मिथेनॉल विषारी, हातमोजे घाला, जवळ विडी-काडी नको.

ऊसवाला_पन्हाळा: टाकी उतरवली. तळाला दोन बोटं मळी! पाईप उद्या आणतो. पाच लिटरच्या टाकीत एक लिटर बायोडिझेल, बरोबर?

उद्यमनगर_फिटर: बरोबर. कॅनमध्येच मिसळून घ्या, मग टाकीत ओता. पहिले काही दिवस फिल्टर रोज उघडून बघा, उरलेली मळी येत राहील.