फिश टँकमध्ये गोगलगायी फार झाल्यात, काय करावं? (जळगाव)

दोन फुटी टँक आहे. गप्पी, मॉली आणि थोड्या चेरी कोळंब्या. व्हॅलिस्नेरिया ही नवी पाणवनस्पती लावल्यापासून काचेवर बारीक तपकिरी गोगलगायी दिसतात आणि पानांच्या मागे जेलीसारखे पारदर्शक ठिपके. वाळूत लांबट, टोकदार शंखांच्याही आहेत. घरी शेतातलं मोरचूद पडलंय. भाऊ म्हणतो, चिमूटभर टाक, सगळ्या मरतील. टाकू का?

लिंबूबाग_रावेर
नको भो! फवारणीच्या बोर्डो मिश्रणाला शंभर लिटरमागे किलोभर मोरचूद लागतं, म्हणून चिमूट आपल्याला काहीच वाटत नाही. पण टँकमध्ये तेवढ्यानं कोळंब्या आधी जातील, मासेही वाचतील याची खात्री नाही. त्यात मोरचुदातलं तांबं वाळूत मुरून राहतं, पुढे कोळंबी टिकणं अवघड.

धुळ्याचा_मासेवाला
शंभर टक्के बरोबर. शिवाय गोगलगायी एकदम मेल्या की वाळूत सडतात, अमोनिया चढतो आणि मासे त्यानं जातात. आत्ता मे महिना, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी. अशात हा प्रयोग मुळीच नको.

खरा उपाय खाण्यात आहे. गोगलगायी वाढल्या म्हणजे टँकमध्ये खायला उरतंय. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका, आठवड्यातून एक दिवस उपास, सडकी पानं रोज काढा. सोबत काकडी लावा. जाड चकतीला स्टीलचा चमचा खोचून रात्री दिवा बंद केल्यावर तळाशी सोडा. उजाडायच्या आत बघाल तर चकतीची कड दिसत नाही, इतक्या चिकटलेल्या असतात. अलगद उचलायची, पाण्यात हलवायची नाही, नाहीतर निम्म्या गळून पडतात. पानामागची जेली नखानं खरवडून काढा, तीच अंडी. एकटी गोगलगायसुद्धा अंडी घालू शकते, त्यामुळे एक-दोन राहणारच. त्या राहू द्या, काचेवरचं शेवाळ खातात.

टँकवाली_भुसावळ
गोगलगायी खातो म्हणून दुकानदार क्लाउन लोच गळ्यात मारतील. घेऊ नका, फूटभर वाढणारा मासा आहे, दोन फुटी टँकमध्ये त्याचे हालच. पी पफर लहान असतो, गोगलगायी आवडीनं खातो, पण गप्पींच्या शेपट्या कुरतडेल आणि कोळंब्याही सोडणार नाही. घ्यायचंच तर असॅसिन गोगलगाय. ती दुसऱ्या गोगलगायी खाते आणि स्वतः भराभर वाढत नाही.

(धागाकर्ता)
आणि वाळूतल्या लांबट?

टँकवाली_भुसावळ
त्या ट्रम्पेट. अंडी नाही, थेट पिल्लंच देतात. दिवसा वाळूत असतात, वाळू उकरून मोकळी ठेवतात. मी तर मुद्दाम ठेवते. भरदिवसा सगळ्या काचेवर चढल्या तर मात्र लगेच पाणी बदला आणि एअर पंप तपासा.

नंदुरबार_७४
पुढच्या वेळी झाड थेट टँकमध्ये सोडू नका. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून दोन-तीन तास बुडवा, मग स्वच्छ धुवा. नाजूक पानाचं असेल तर आधी एक फांदी करून बघा.

(धागाकर्ता)
मोरचूद रद्द. आज रात्रीच काकडी लावतो. काढलेल्या गोगलगायी मेहरूण तलावात सोडल्या तर चालेल?

धुळ्याचा_मासेवाला
अजिबात नाही. तलाव, नदी, नाला, कुठेच नाही. कुठून आल्यात, सोबत काय आणलंय, आपल्याला माहीत नसतं. ठेचून झाडाच्या मुळाशी मातीत पुरा, आणि हात साबणानं धुवा.