तुरुंगात कैद्याला सोयी किती असाव्यात? नियमातले आकडे आणि प्रत्यक्षातली बराक

कृष्णाकाठ (प्रश्न)

एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यातला आरोपी आत गेला की बातमीखाली दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. कुणी लिहितं, "आमच्या करातून फुकट खाणार." कुणी नॉर्वेच्या हाल्डेन तुरुंगाच्या खोल्यांचे फोटो टाकून आपल्याला लाज आणतं. दोन्हींतून हाती काही लागत नाही. महाराष्ट्रातल्या कारागृहात एका माणसाला जागा, पाणी, संडास किती मिळायला हवं हे कुठे लिहिलंय? ते पाळलं गेलं नाही तर नेमकं काय बिघडतं? आणि ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला "कैद्याला पंखा हवा" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आकडे आणि नियम माहीत असलेल्यांनी लिहावं. तुरुंग पंचतारांकित करा किंवा नरक करा, असली उत्तरं नकोत.

मोजपट्टी

तुरुंग हा राज्यांचा विषय (सातवी अनुसूची, राज्यसूची, नोंद ४), त्यामुळे केंद्राने काढलेली २०१६ची आदर्श कारागृह नियमपुस्तिका बंधनकारक नाही. तरी मापं तिचीच वापरली जातात. सामूहिक बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जमीन आणि १५.८३ घनमीटर हवा. एकट्याची कोठडी असेल तर ८.९२ चौरस मीटर. झोपायचा ओटा २ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच. रात्री बराक बंद असताना दर दहा जणांमागे एक संडास, दिवसा बाहेर दर सहा जणांमागे एक. पाणी माणशी रोज १३५ लिटर.

आता हिशेब करून बघा. पन्नास जणांची बराक म्हणजे १८५ चौरस मीटर, पाच संडास, पावणेसात हजार लिटर पाणी. त्याच बराकीत दीडशे माणसं भरली की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा चौरस मीटर येतं. ओट्याचं मापच दीड चौरस मीटर आहे. म्हणजे सगळ्यांनी एका वेळी पाठ टेकणं भूमितीतच बसत नाही. मग कुशीवर झोपणं आणि पाळ्या लावणं सुरू होतं.

यातला खरा घोटाळा संडासाचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे संध्याकाळचं जेवण पाचच्या आसपास वाटून सहाच्या आत बराक बंद होते आणि उघडते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास. तेवढे बारा तास दीडशे जणांना तेच पाच संडास. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर एका संडासावर तासाला बारा जण. वाट्याला येतात तीस जण, म्हणजे रांग अडीच तासांची. त्यातला एक तुंबला की ती तीन तासांच्या पुढे जाते. म्हणून लोक दुपारपासून पाणी आणि जेवण तोडतात. बद्धकोष्ठ, मूळव्याध, मूतखडा हे आजार तिथून येतात. टाकीतलं पाणी माणशी ४५ लिटरवर येतं, कपडे धुणं आणि अंघोळ आलटून पालटून होते आणि खरूज बराकभर पसरते. एकाला मलम देऊन ती जात नाही. सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार करून कपडे-चादरी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात, आणि तेवढं पाणीच नसतं. क्षयाचंही तसंच. डोक्याला डोकं लावून झोपलेल्या माणसांत खोकणारा वेगळा काढायला जागा लागते.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसं ५,७३,२२०, म्हणजे १३१ टक्के. सरासरीवर जाऊ नका. ग्रामीण उपकारागृहं आणि खुली कारागृहं रिकामी असू शकतात, आणि मुंबईच्या आर्थर रोडला ८०४ची क्षमता असताना आत तीन हजारांहून अधिक माणसं राहिलेली आहेत.

सातपुडा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण मी कडकपणाच्या बाजूने लिहितो, कारण त्याची जागा चुकते आहे.

तुरुंग कडक असायलाच हवा: झडतीत, मोजणीत, मोबाइलच्या बाबतीत, आणि कोण कुणासोबत ठेवला जातो यात. आदर्श पुस्तिकेत दर सहा बंद्यांमागे एक रक्षक धरलाय. तेवढे नसतील तर रात्री एका शिपायाकडे अनेक बराकी येतात, आणि आतला कारभार तो पाहत नाही, आतलेच दांडगे पाहतात. खिडकीजवळची जागा कुणाची, संडासापाशी कोण झोपणार, बादली आधी कुणाची भरणार, हे ते ठरवतात आणि त्याचे पैसे घेतात. म्हणजे टंचाईने शिक्षा कडक होत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याची सैल होते आणि गरिबाची दुप्पट. बलात्काराच्या किंवा खुनाच्या आरोपीला त्रास व्हावा असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. टोळीवाल्याला त्या गर्दीत त्रास होत नाही, चाकरीला माणसं मिळतात.

मोबाइल आत येतात ते भिंतीवरून फेकून, तारखेवरून परतणाऱ्यांच्या अंगावरून आणि फुटलेल्या कर्मचाऱ्यांमार्फत. जॅमर हा पूर्ण उपाय नाही. जुने जॅमर नव्या लहरी अडवत नाहीत, नवे बसवले तर शेजारच्या वस्तीचे फोन बंद पडतात. ठरलेल्या नंबरांवर, नोंद होणारा अधिकृत फोन सगळ्यांना मिळाला की घरी बोलण्यासाठी चोरीचा मोबाइल लागत नाही. मग झडतीत जो सापडतो तो बहुतेक धंद्याचाच असतो. आणि तो शोधायला मनुष्यबळ उरतं.

शिस्तीचं साधन म्हणून जागा, पाणी, जेवण, औषध कधीच वापरू नये. काढून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: कॅन्टीन, जादा मुलाखती, आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे माफीचे दिवस (शिक्षेत मिळणारी सूट) व संचित रजा (चांगल्या वर्तनावर मिळणारी घरची सुटी). पक्का कैदी एकेक दिवस मोजत असतो, माफी कापली जाईल म्हटलं की तो सरळ होतो. अडचण कच्च्या कैद्याची. त्याला शिक्षाच झालेली नाही, तर माफी कुठून कापणार? त्याच्यावर चालणारी कायदेशीर साधनं फार कमी आहेत, आणि ती हाताशी नसली की काठी उचलली जाते. भारतात चारांतले तीन बंदी कच्चे आहेत. मारहाणीमागचं हे एक मोठं कारण चर्चेत येत नाही.

वकीलपत्र

सातपुडा यांनी शेवटी जे लिहिलं तिथूनच कायदा सुरू होतो. २०२२ अखेर ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेले कच्चे कैदी होते. तुरुंग किती कडक असावा हा प्रश्न प्रत्यक्षात "दोषी न ठरलेल्याला किती त्रास द्यावा" असा होतो, आणि त्याचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे: शिक्षा म्हणून काहीच नाही.

दोषी ठरलेल्याचीही मर्यादा आहे. न्यायालय सक्तमजुरी किंवा साधी कैद सुनावतं. संडासासाठी अडीच तास रांग, खरूज, मार हे निकालपत्रात नसतं. सुनील बत्रा खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तुरुंगात गेल्याने मूलभूत हक्क गळून पडत नाहीत आणि फाशी सुनावलेल्यालाही निव्वळ त्या कारणावरून एकांतात टाकता येत नाही. एकांतवासाची शिक्षा द्यायची तर ती न्यायालयाने द्यायची, एकूण तीन महिन्यांपर्यंत, आणि एका वेळी १४ दिवसांहून जास्त नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ आणि १२ मध्ये हीच तरतूद आली आहे. कैद्यांच्या वागणुकीबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे मंडेला नियमही पंधरा दिवसांवरचा सलग एकांत निषिद्ध मानतात. अंडासेलमध्ये (कडेकोट बंदोबस्ताच्या वेगळ्या कोठड्यांत) सुरक्षेच्या नावाखाली महिनोन्महिने ठेवलेल्या बंद्याचा अर्ज येतो तेव्हा दोन गोष्टी तपासायच्या: दिवसातले किती तास तो माणसांशी बोलू शकतो, आणि लेखी आदेश कुणाचा, कधीचा आहे.

शिवाय ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामं वाटणाऱ्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. सफाई एका जातीला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीला, हे अनेक राज्यांच्या पुस्तकात छापलेलं होतं.

गर्दी कमी करायचा सगळ्यात जवळचा रस्ता नवी इमारत हा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ बघा. याआधी कधीही दोषी न ठरलेला न्यायाधीन बंदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. न्यायालयात लेखी अर्ज करायची जबाबदारी अधीक्षकावरच टाकली आहे. अडतं कुठे? एकाहून जास्त खटले प्रलंबित असले तर कलम लागू होत नाही, आणि किरकोळ चोरीवाल्यावर असे चार-पाच असतातच. दुसरी अडचण जामीन मंजूर होऊनही हमीची रक्कम नसण्याची. त्यासाठी केंद्राची २०२३ची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. तिच्या सुरुवातीच्या नियमांनुसार हमीसाठी ४०,००० रुपयांपर्यंत, शिक्षा भोगून दंडासाठी अडकलेल्याला २५,०००पर्यंत. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या) सचिवाला कळवायचं असतं. तिथे पाठपुरावा करा, अर्ज टेबलावर पडून राहतात.

एक गोष्ट कठोरपणाच्या समर्थकांसाठी. पुरुलिया शस्त्रप्रकरणातला (विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला) आरोपी किम डेव्ही याला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११मध्ये पाठवायला नकार दिला, कारण इथल्या कोठडीत छळाची भीती. मल्ल्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने २०१८मध्ये आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२चा व्हिडिओ मागवला आणि तो पाहून मगच प्रत्यार्पणाला होकार दिला. युरोपात माणशी ३ चौरस मीटरहून कमी जागा दिसली की अमानुष वागणुकीचं गृहीतक धरलं जातं. आपलं कागदावरचं माप त्याहून मोठं आहे. बराक क्रमांक १२ दाखवण्यासारखी होती, बाकीच्या बराकींचं काय?

कृष्णाकाठ

आभार. पण पीडित कुटुंबाबद्दल कुणीच लिहिलं नाही. खुल्या कारागृहात शेती करणारा जन्मठेपेचा कैदी पाहून त्यांना काय वाटेल?

माणदेशी

राग येईल, आणि तो बरोबर आहे. त्यांना समजूत घालणारं भाषण देऊ नये. मात्र खुल्या कारागृहाची माहिती त्यांच्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही.

कुणालाही उचलून तिथे पाठवत नाहीत. शिक्षा लागलेली असावी, तिचा ठरावीक भाग बंद तुरुंगात निर्दोष वर्तनात गेलेला असावा, पळून गेल्याची किंवा रजेवरून उशिरा आल्याची नोंद नसावी, प्रकृती कामाची असावी. काही गुन्हे मुळातच वगळलेले असतात. पैठणचं खुलं कारागृह १९६८चं. त्याआधीचा प्रयोग आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा, १९३९ला औंध संस्थानात पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला. तिथे बंदी बायकामुलांसह राहतात, शेतावर राबतात. कोट नाही, पहारा नावापुरता. पळून गेला तर माफी जाते, घर जातं आणि उरलेली शिक्षा बंद तुरुंगात भोगावी लागते, म्हणून तो पळत नाही. माणसाला गमवायला काही दिलं की भिंतीचं काम कमी होतं.

खर्चाचाही फरक पडतो. उंच कोट, मनोरे, पाळ्यांचे रक्षक हा तुरुंगाचा मोठा खर्च आहे, आणि खुल्या कारागृहात तो जवळपास नाही. राजस्थानात सांगानेरला तर बंदी बाहेर नोकरी करून स्वतःचं पोट भरतात आणि हजेरीला परत येतात. आपल्याकडे अशा जागा थोड्या आहेत, आणि निवडीच्या फायली रेंगाळल्याने त्यातल्याही सगळ्या भरत नाहीत.

पीडित कुटुंबाच्या हातात प्रत्यक्ष काही पडायचं असेल, तर ते बंद्याच्या मजुरीतून पडू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की सक्तमजुरीच्या कैद्याला वाजवी वेतन द्यावं, आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढायचा कायदा राज्यांना करता येईल. पण मजुरीच तुटपुंजी असेल तर त्यातून वळतं काय करणार? बसवून ठेवलेला कैदी पीडिताला दमडीही देत नाही. येरवड्यात २०२२पासून राज्य सहकारी बँक बंद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देते, मजुरीतून फेड. मुलांची फी आणि वकिलाचा खर्च त्यातून निघतो. असाच पक्का मार्ग भरपाईसाठी बांधायला हवा.

मोजपट्टी

ज्यांना आपल्या जिल्ह्यातलं खरं चित्र हवंय त्यांनी माहिती अधिकारात अर्ज करावा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "सोयी कशा आहेत" असं विचारलं तर "नियमानुसार आहेत" असं उत्तर येतं. बराकनिहाय विचारा: लांबी, रुंदी, ठरावीक तारखेला रात्री बराक बंद होतानाची माणसांची संख्या, चालू आणि बंद संडास वेगवेगळे, टाकीची क्षमता आणि ती दिवसातून किती वेळा भरते, मंजूर व भरलेली वैद्यकीय पदं, अभ्यागत मंडळाच्या (तुरुंगाची पाहणी करणाऱ्या मंडळाच्या) गेल्या वर्षातल्या भेटींच्या तारखा आणि त्यांचे शेरे. सुरक्षेचं कारण देऊन नकाशा नाकारला जातो, म्हणून नकाशा मागू नका, फक्त मापं मागा. उत्तर आलं की क्षेत्रफळाला ३.७१ने भागा. जो आकडा येईल तो आणि रात्री बराक बंद होतानाच्या माणसांचा आकडा शेजारी लिहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला पाठवा. न्यायाधीन बंद्यांच्या आढावा समितीवर ते असतात, आणि जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात.