बेळगावात विश्वासाचा वायरमन आहे का कुणी? अर्जंट

शहापूरकर_पुण्यात
मंडळी, बेळगावात चांगला वायरमन कुणाच्या ओळखीत असला तर सांगा, लवकर हवाय. मागच्या आठवड्यात एकजण आलेला, पाच मिनिटं इकडंतिकडं बघितलं आणि घरातली सगळी वायरिंग बदलावी लागणार म्हणाला, ऐंशी हजार सांगितले, वर व्हिजिटचे पाचशे घेऊन गेला. सारखं पडतंय एवढ्यासाठीच बोलावलेलं. आई एकटी असते घरी. पैशाचं काय नाही ओ, खरं फसवणारा नको. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

अनगोळचा_मास्तर
कुठल्या भागात? टिळकवाडीतला माणूस असल्या पावसात वडगाव-खासबागला यायला राजी होत नाही. आणि सारखं पडतंय म्हणजे काय पडतंय? एका खोलीचा एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप बंद होणारा स्विच) की मेनचा आरसीसीबी (करंट कुठं गळला की सगळं बंद करणारा स्विच), ते 'टी' लिहिलेलं बारकं बटण असतं ते?

हिंडलगा७
१९१२ ला फोन लावा की, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस फुकट येतो.

उद्यमबाग_शिफ्टवाला
@हिंडलगा७ तो मीटरपर्यंत बघतो, मीटरच्या पुढचं ज्याचं त्यानं. खांबावरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटला असला तर गोष्ट वेगळी, तेव्हा काही बल्ब भगभगतात, काही मिणमिणतात, ते हेस्कॉमचंच काम. इथं तसं दिसत नाही.

बॅटरीवाले_काका
पावसाळ्यात करंट जाणारच. मी सांगतो, इन्व्हर्टर बसवून टाका, ट्यूब्युलर बॅटरी घ्या, आमचा कित्येक वर्षं चाललाय.

अनगोळचा_मास्तर
काका, करंट जात नाहीय, पडतंय. वाचा तरी.

शहापूरकर_पुण्यात
शहापूर. पुढचं घर जुनं, मातीच्या भिंती, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी नंतर बांधलेली. ते टी वालंच पडायचं. आता पडत नाही, त्या माणसानं जाताना डायरेक्ट करून दिलं. नंबर द्या की कुणीतरी.

उद्यमबाग_शिफ्टवाला
डायरेक्ट म्हणजे आरसीसीबीला वगळून वायर सरळ जोडली? मग पडायचं थांबलं, लिकेज (करंटची गळती) कुठं थांबलंय? घरात कुठं शॉक लागतो का, विचारा आईंना.

शहापूरकर_पुण्यात
हां, न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणत होती. जुन्या घरात थोडंफार असतंच ना?

उद्यमबाग_शिफ्टवाला
नसतं!! धागा सोडा आणि आधी आईंना फोन करा. हात कोरडे, पायात चप्पल, मेन स्विच बंद करायला सांगा. त्यांना जमत नसलं तर शेजाऱ्यांना पाठवा. न्हाणीत जाऊ नका, गीझर तर अजिबात नको. नंबरचं नंतर बघू.

चंदगडी_बाबू
आमच्याकडं अर्थिंग असंच मेलेलं. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि वरून चार घागरी पाणी ओतलं की झालं. आजोबांच्या वेळेपासून हेच चाललंय.

अनगोळचा_मास्तर
आणि पावसाळ्यात वरून धो धो पडूलालाय तरी तुम्ही पाणी ओता म्हणताय! अर्थिंग पाहिजेच, खरं लिकेज शोधल्याशिवाय नुसतं मीठ ओतून काय होणार.

चंदगडी_बाबू
मास्तर, तुम्ही कधी खड्डा खणलाय का? पुस्तकातलं नका सांगू.

उद्यमबाग_शिफ्टवाला
भांडा नंतर. आरसीसीबी घराला साधारण ३० मिलिअँपियरचा बसवतात, जेवढा करंट आत गेला तेवढा परत आला नाही की तो पडतो, माणूस वाचावा म्हणूनच. अर्थिंग नीट नसलं तर तो करंट पाइपात, गीझरच्या टाकीत बसून राहतो आणि नळाला हात लावणाऱ्यातून वाट काढतो. बहुतेक गीझरचं एलिमेंट गेलंय किंवा मागच्या भिंतीत ओल धरलीय. सगळी वायरिंग काढायची गरज कदाचित नाहीच.
शोधायची रीत: आधी आरसीसीबी परत लावून घ्यायचा, मग सगळे एमसीबी खाली करून एकेक वर करत जायचं, ज्याला पडला तिकडं दोष. आता ह्यात एक खोच आहे, साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो. न्यूट्रल अर्थिंगच्या वायरीला चिकटला असला तर एमसीबी खाली असूनसुद्धा पडतो, आणि घाईचा वायरमन इथंच हात वर करून 'सगळं बदला' म्हणतो. म्हणून येणाऱ्याला फोनवरच विचारा, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आहे काय? नुसता टेस्टर खिशात घालून येणारा असला तर राहू दे म्हणा.

खडेबाजार_रिटर्न
दुकानदारानं पाठवलेला घेऊ नका, कमिशन असतंय. वायर स्वतः बिलासकट आणा, लाईटला दीड, प्लगला अडीच, गीझरला चार स्क्वेअर एमएमची. मजुरी वेगळी लिहून घ्या, काढलेला माल घरातच ठेवून घ्या.

हिंडलगा७
लिकेजचे युनिट पण मीटरवर पडतात बरं का. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) आमच्यासारख्यांना २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्केच जास्त मिळतात, आमचं कुणास ठाऊक कशानं वर गेलं आणि बिल आलं. २०० च्या आत असलं तरी फुकट नाही म्हणे, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

अनगोळचा_मास्तर
त्याचा वेगळा धागा काढा.

शहापूरकर_पुण्यात
मेन बंद केलाय. शेजारच्या वहिनी आईला त्यांच्याकडं घेऊन गेल्या. गीझरच्या खाली, पाइप जोडलाय तिथं, भिंत काळी पडून पापुद्रे सुटलेत म्हणे, मला कधी सांगितलंच नाही तिनं. आता तरी नंबर द्या राव.

उद्यमबाग_शिफ्टवाला
व्यनि केलाय. आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतो, आयटीआय झालेला, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करतो, मेगर स्वतःचा आहे. मेन बंदच ठेवा तोवर. फ्रिजमधलं दूध वहिनींकडं द्या.

बॅटरीवाले_काका
इन्व्हर्टर असता तर फ्रिज चालला असता.

उद्यमबाग_शिफ्टवाला
काका, त्याच लिकेजवर इन्व्हर्टरचा पण शॉक बसू शकला असता.

निपाणी_तंबाखू
तो माणूस निपाणीला येतो काय? आमचा पंखा आवाज करूलालाय.