लोणार सरोवर : सासूबाई आणि मुलांसह दोन दिवसांत कसे पाहावे?

विचारणारी : भुसावळची सून

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत लोणारचे सरोवर पाहून यावे असा आमच्या घरात बेत चालू आहे. यजमानांची रेल्वेत पाळीची नोकरी असल्यामुळे हातात दोन दिवस आणि एक मुक्काम एवढेच आहे. गाडी घरची आहे. सोबत सासूबाई असतील. त्यांचे वय 71 असून दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर त्या व्यवस्थित चालतात, पण पायऱ्या उतरताना त्यांचा हात धरावा लागतो. मुलगा सातवीत आहे आणि मुलगी पाच वर्षांची आहे.

आमच्या शेजारचे एक कुटुंब गेल्या वर्षी जाऊन आले आणि "वरून एक मोठा खड्डा दिसतो, फोटो काढले आणि दहा मिनिटांत परत निघालो" असे त्यांनी सांगितले, तेव्हापासून यजमानांचा उत्साह थोडा मावळला आहे. मुलाने मात्र कुठेतरी गुलाबी पाण्याचे छायाचित्र पाहिले असल्याने तो ते पाणी पाहायचेच म्हणून हटून बसला आहे. सासूबाईंची इच्छा आहे की एवढे बुलढाणा जिल्ह्यात जातोच आहोत, तर शेगावला गजानन महाराजांचे दर्शन व्हावे आणि जमल्यास सिंदखेड राजाही पाहावे. हे सगळे दोन दिवसांत बसेल का, सासूबाईंना सरोवराच्या काठापर्यंत उतरवणे शहाणपणाचे आहे का, आणि खरोखर पाहण्यासारखे तिथे काय आहे, हे जाऊन आलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त भूगोल शिक्षक, चाळीसगाव

आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. दहा मिनिटांसाठी गेलेल्या माणसाला लोणारला खड्डाच दिसतो. मी विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन तिथे अनेकदा गेलो आहे, आणि ज्या वर्षी बस उशिरा पोहोचली त्या वर्षी मुलांनीही हेच उद्गार काढले. तेव्हा पहिली गोष्ट अशी की लोणारला पूर्ण एक सकाळ राखून ठेवा आणि बाकीचा बेत तिच्याभोवती आखा.

मुलाला जाण्यापूर्वी थोडे सांगून ठेवलेत तर तो तिथे कंटाळणार नाही. पाटणादेवीच्या डोंगरात किंवा अजिंठ्याच्या लेण्यांत आपण जो काळा पाषाण पाहतो, त्याच बेसाल्ट खडकावर आकाशातून आलेला एक अशनी आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे 137 मीटर आहे, आणि काठाकाठाने पूर्ण फेरी मारायची म्हटली तर साडेपाच-सहा किलोमीटर चालावे लागेल. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. सभोवतालचा सगळा प्रदेश लाव्हाचाच असल्यामुळे हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचे दाखवले गेले. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातल्या खनिजाची काच होते, तिचे हे नाव. ज्वालामुखीतून ती तयार होत नाही. वयाविषयी मात्र एकमत व्हायला वेळ लागला. आधीच्या मोजणीत सुमारे 52 हजार वर्षे हा आकडा आला होता, पुढे आर्गॉन वायूच्या पद्धतीने तो सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर गेला, आणि माहितीफलकांवर किंवा वाटाड्यांच्या तोंडी आपल्याला दोन्ही आकडे भेटू शकतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बेसाल्टचाच असल्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचे विशेष अगत्य आहे. हे एक वाक्य सातवीतल्या मुलाला पुरेसे ठरते, असा माझा अनुभव आहे.

गुलाबी पाण्याची आशा मात्र त्याला लावू नका. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले होते. पाऊस कमी झाल्याने पातळी घटली, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. नंतर रंग पूर्ववत झाला. एरवी पाणी शेवाळामुळे हिरवे दिसते आणि काठाशी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो.

त्याऐवजी त्याच्याकडून एक प्रयोग करवून घ्या. घरून निघताना साध्या कागदावर हळदीचे पाणी लावून, कागद वाळवून, त्याच्या पट्ट्या कापून घ्या. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलेच अल्कधर्मी आहे. पिवळी पट्टी त्यात बुडवताच विटकरी लाल होते. विवराच्या कडेला गोमुख नावाची गोड्या पाण्याची धार आहे, तिच्यात दुसरी पट्टी बुडवली की ती पिवळीच राहते. दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवायला सांगा. आमच्या शाळेतल्या एका मुलीने पट्टी लाल झालेली पाहून "सर, पापडखार टाकल्यावर पिठाचं असंच होतं" असे म्हटले होते, आणि ती अगदी बरोबर होती, कारण जुन्या काळी या सरोवरातून खारच काढला जाई. पट्ट्या तिथे टाकून येऊ नका आणि आठवण म्हणून दगडही उचलून आणू नका, कारण तो परिसर अभयारण्य आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला असून नांदूर मध्यमेश्वरनंतरचे ते राज्यातले दुसरे स्थळ आहे.

उत्तर 2 : जामनेरकर

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी रस्ता आणि आमची फजिती सांगतो. भुसावळहून मुक्ताईनगर, मलकापूर, मोताळा, राजूर घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, मेहकर आणि लोणार असा सरळ मार्ग आहे. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरच्या दरम्यान धरा, आणि लहान मुलगी व सासूबाई सोबत असताना थांबे धरून पाच तास लागतील असे गृहीत धरून निघा.

आम्ही आई-वडिलांना घेऊन ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. सकाळी आरामात निघालो, बुलढाण्यात जेवणासाठी थांबलो आणि लोणारला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माझ्या हट्टापायी आम्ही तशा उन्हात विवरात उतरलो. उतरताना काहीच वाटले नाही. चढताना वडिलांना दर वीस पावलांवर बसावे लागले, आणलेली पाण्याची एकमेव बाटली निम्म्या वाटेत संपली, आणि आई मात्र पूर्ण वेळ एकच वाक्य म्हणत होती, "तरी मी सांगत होते." भुसावळचे ऊन सोसणाऱ्या माणसाला कुठलेच ऊन लागत नाही ही माझी समजूत त्या दिवशी गेली, विवरात वारा लागत नाही, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. त्यात ज्या ठिकाणी खोल्या सांगून ठेवल्या होत्या, त्यांनी रात्री नोंदच नसल्याचे सांगितले आणि आम्हाला अंधारात मेहकरला परत यावे लागले. सुट्टीच्या दिवसांत निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री करून घ्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास विवराच्या काठाजवळच आहे. तिथे जागा मिळाली तर पहाटे उठून थेट उतरता येते, आणि माझ्या मते या सहलीत तीच सर्वांत मोठी सोय आहे.

शेगावबद्दल स्पष्ट सांगतो, या दोन दिवसांत ते घालू नका. भुसावळहून रेल्वेने दीड-दोन तासांत शेगाव येते, आणि यजमान रेल्वेतच आहेत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना घेऊन सकाळी जा, निवांत दर्शन घ्या, महाप्रसाद घ्या आणि संध्याकाळी घरी या. घाईत गाडीतून उतरवून रांगेत उभे करण्यापेक्षा त्यांनाही तेच आवडेल.

उत्तर 3 : माहेर मेहकर, सासर अमळनेर

ताई, माझे बालपण त्या भागात गेले आहे, म्हणून सासूबाईंच्या बाजूने थोडे लिहिते. त्यांना खाली उतरवू नका, पण त्या वर बसून कंटाळतील असेही समजू नका. त्यांच्यासाठी लोणार गावातले दैत्यसूदनाचे मंदिर आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला त्या कथेचे हे स्थान असून, सरोवराचे पाणी म्हणजे त्या असुराचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस अशी आमच्याकडची जुनी समजूत आहे. सरांनी सांगितलेला अशनी नातवाने आजीला समजावून सांगावा आणि लवणासुर आजीने नातवाला, म्हणजे परतीच्या प्रवासात गाडीत कोणी पेंगणार नाही. मंदिराच्या भिंतींवर बाहेरून खूप बारीक कोरीव काम आहे, पण आत अंधार असतो, तेव्हा बॅटरी जवळ ठेवा आणि छताकडे बघायला विसरू नका. डिसेंबरच्या सकाळी तिथली फरशी अनवाणी पायांना बर्फासारखी लागते, म्हणून त्यांच्यासाठी जाड मोजे घ्या.

मंदिरानंतर गोमुखापाशी या. बारमाही वाहणारी ती धार विवराच्या कडेलाच आहे. कुंडाशी जायला पायऱ्या आहेत, त्या हात धरून सावकाश उतरता येतील, आणि तेवढेही नको वाटले तर वरूनच सरोवर समोर दिसते. झोपलेल्या मारुतीचे मंदिरही गाडी जाईल अशा ठिकाणी आहे. आडव्या पहुडलेल्या मारुतीची ती मूर्ती पाहून तुमची लेक नक्की हसेल, आमच्याकडची सगळी लहान मुले हसतात आणि आज्या त्यांना दटावतात.

खाली उतरणाऱ्यांनी कमळजा देवीचे दर्शन घेण्याचा बेत करावा, मात्र पाणी वाढलेले असले की ते मंदिरापर्यंत येते आणि वाट बदलते, त्यामुळे उतरण्यापूर्वी वनखात्याच्या माणसांना किंवा गावातल्या वाटाड्याला विचारूनच निघा. काठचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. माझी एक चप्पल लहानपणापासून तिथेच आहे. माकडे पुष्कळ आहेत, हातात खाण्याची पिशवी लोंबकळत ठेवू नका. शिदोरी म्हणून कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा घरूनच घ्या. केळी घेतलीत तर ती गाडीतच संपवा, वानरांसमोर सोलू नका.

विचारणारी : भुसावळची सून

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवली. शेगाव वेगळे करायचे यावर सासूबाईंनी थोडा विचार केला आणि "मग एकादशी सोडून घ्या, गर्दी नको" असे सांगून मान्यता दिली. आता बेत असा ठरला आहे : पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत लोणार, उन्हं कलल्यावर दैत्यसूदन आणि गोमुख, मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडताच यजमान आणि मुलगा खाली उतरतील, मी, सासूबाई आणि लेक काठावर थांबू. पाच वर्षांच्या मुलीला खाली नेण्याचा मोह होतो आहे, पण चढताना तिला कडेवर कोण घेणार हा प्रश्न घरात विचारला तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही. एकच शंका उरली आहे : नऊ-दहा वाजता ही मंडळी वर आली, तर परतीच्या वाटेवर सिंदखेड राजा बसेल का?

उत्तर 1 : निवृत्त भूगोल शिक्षक, चाळीसगाव

बसेल. लोणारहून सुलतानपूर, बीबीमार्गे सिंदखेड राजाला या, लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजे जिजाऊंचे जन्मस्थान, आणि लखुजींची समाधी पाहा, आणि देऊळगाव राजा, चिखली, बुलढाणा असे परता. हा वळसा आहे, पण त्यासाठी दोन तास जास्त गेले तरी हरकत नाही. वाड्यात सासूबाईंना फारसे चढावे लागणार नाही. फक्त बेत पुढे ढकलला गेलाच तर 12 जानेवारीच्या आसपासचे दिवस टाळा, कारण जिजाऊ जयंतीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत गाडी गावाबाहेरच ठेवावी लागते. राजूर घाट मात्र दिवसाउजेडी उतरा. चारच्या सुमारास चिखली सोडलीत तर ते सहज जमेल.

आणि हळदीच्या पट्ट्या दोन जास्त कापा. आपली लेक खाली जाणार नसली तरी गोमुखाशी तिलाही एक बुडवायची असेल.