कोळशाच्या भुकटीचा गॅस करणाऱ्या पायलट प्लांटवर कोणी काम केलंय का?

मिलवाला, परळी:
राम राम मंडळी. मी औष्णिक केंद्रात मिलवर कंत्राटी हेल्पर आहे. कोळसा मैद्यासारखा दळायचा आन् बॉयलरात फुंकायचा, हे आमचं रोजचंच. भाच्यानं लातुरात केमिकलचा डिप्लोमा केला, त्याला एका पायलट प्लांटवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या कारखान्यावर, ट्रेनी म्हणून बोलावलंय. तिथं म्हणे हीच भुकटी जाळत नाहीत, तिचा सिंथेसिस गॅस करतात. भट्टीत पडलेली भुकटी जळत कशी नाही, ते काही डोक्यात शिरंना. पाठवावं का पोराला?

जुना ऑपरेटर, अंबाजोगाई:
जळते की, पण अर्धपोटी. पुऱ्या ज्वलनाला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी ऑक्सिजन द्यायचा आन् सोबत वाफ. मग कार्बन मोनॉक्साइड आन् हायड्रोजन निघतो. तुमच्या बॉयलरात मोनॉक्साइड वाढला की साहेब ओरडतो, इथं तोच माल.

मी चार वर्षं होतो अशा ठिकाणी. केमिस्ट्रीनं कधी रडवलं नाही, रडवलं हॉपरनं, म्हणजे भट्टीला भुकटी पुरवणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीनं. दाबाखालच्या भट्टीत भुकटी नायट्रोजननं ढकलावी लागते. पावसाळ्यात कोळसा जरा दमट आला की भुकटी हॉपरच्या तोंडाशी कमानीसारखी अडकून बसायची. वर दोन टन माल, खाली थेंबभर नाही. रात्री तीनला लाकडी हातोडीनं हॉपर ठोकत बसायचो. आवाज पोकळ आला तर कमान अजून वर, भरीव आला तर इथंच नाहीतर खाली. भुकटीचं फीड तुटलं आन् ऑक्सिजन चालूच राहिला तर खेळ खलास, म्हणून आधी ऑक्सिजन ट्रिप, म्हणजे झटक्यात बंद.

दुसरं दुखणं राखेचं. आपल्या कोळशात 30 ते 45 टक्के राख, ती वितळतेही उशिरा. बारीक भुकटीच्या भट्टीत ती रसासारखी वाहून खाली यावी लागते. मधेच थिजली की झामा, दगडासारखा गोळा, मग छिन्नी घ्या. म्हणून भेल या सरकारी कंपनीनं हैदराबादेत फ्लुइडाइज्ड बेड घेतला, म्हणजे खालून फुंकलेल्या झोतावर कोळशाचे कण तरंगत ठेवणारी भट्टी; त्यात राख कोरडीच राहते. जानेवारी 2022 मध्ये उद्घाटन झालेला तो प्लांट दिवसाला पाव टन मिथेनॉलचा.

गोदाकाठ, नांदेड:
नवं काही नाही हो. आपलीच गोदावरी पुढं जाते त्या रामागुंडमला कोळशाच्या गॅसवर खत कारखाना होता, 1999 ला बंद पडला. आता तिथला नवा कारखाना नैसर्गिक गॅसवर चालतो. आन् वाफेला पाणी लागतं बरं का. 2015 ला पाण्यावाचून परळीचे संच बंद होते, विसरलात?

मिलवाला, परळी:
विसरतोय कसला, घरीच बसलो होतो तेव्हा. काका, पोराला पाठवू का पण?

जुना ऑपरेटर, अंबाजोगाई:
पाठव. हॉपर, व्हॉल्व्ह, ट्रिप, एवढं हाताखालून गेलं की कुठल्याही प्लांटवर उभा राहील. फक्त मोनॉक्साइड विषारी असतो आन् त्याला वास नसतो, हे पोराला घरूनच सांगून पाठव. तो गॅस मोजणारा मीटर कॉलरजवळ लावायचा, खिशात नाही. आमच्यातला एक जण बॅटरी वाचावी म्हणून बंद करून खिशात ठेवायचा. एकदा जिन्यावरच बसला तो. दोघांनी उचलून खाली आणला, तेव्हा वाचला.

मिलवाला, परळी:
सांगतो. गुरुवारी निघतोय.