ऊर्जा प्रकल्पाला परवाना आधी की भूजलाचा हिशोब आधी?

खडकपाणी:
तेल असो, कोळसा असो, नवा पट्टा उघडायचा ठरला की पाण्याचा प्रश्न येतो सगळ्यात शेवटी, मग घाईघाईत एक रिपोर्ट उरकतात. माझं म्हणणं सरळ आहे. खाली पाणी किती आणि उपसल्यावर ते कोणाच्या वाट्याचं कमी होणार, हे कळल्याशिवाय परवाना देऊच नये. ॲरिझोनातलं ब्लॅक मेसा बघा, होपी आणि नवाहो या आदिवासी लोकांच्या जमिनीखालचं पिण्याचं पाणी उपसायचं, त्यात कोळशाचा चुरा कालवायचा आणि ४०० किमीहून लांब नेवाडातल्या मोहावी वीजकेंद्राकडे पाइपातनं ढकलायचा, १९७० ते २००५ हेच चाललं. वर्षाला साधारण ४००० एकर-फूट, म्हणजे जवळपास ५०० कोटी लिटर, तेही वाळवंटात! झरे आटतायत असं होपी लोक सांगत राहिले आणि खाण कंपनीचं भूजलाचं संगणकी मॉडेल म्हणत राहिलं की परिणाम नगण्य.

रिगवरचा माणूस:
एका उदाहरणावरनं सगळ्यांना धरू नका. अमेरिकेत २०१५ साली उपसलेल्या गोड्या भूजलापैकी सुमारे ७० टक्के सिंचनाला गेलं, औष्णिक वीजकेंद्रांचा वाटा १ टक्काही नाही. आणि पूर्ण कळल्याशिवाय परवाना नाही म्हणालात तर परवाना कधीच मिळणार नाही, कारण पंपिंग टेस्ट (विहीर सलग उपसून पातळी किती उतरते ते बघायची चाचणी) चालते दोन-तीन दिवस, अख्ख्या खोऱ्याचा स्वभाव काही वर्षं उपसा केल्यावरच दिसतो. थोडं सुरू करा, मोजा, मॉडेल दुरुस्त करा. तोवर लोकांना वीज नको का?

विहीरवाली:
देशाच्या टक्केवारीने विहीर भरत नाही हो दादा. मूळ मुद्दा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, कसला आहे हा. उघड्या वाळूच्या थरात १ चौरस किमीवर पातळी १ मीटर उतरवायची तर १५ टक्के स्पेसिफिक यील्ड (थराच्या आकारमानातलं निथळून निघणारं पाणी) धरून १५ कोटी लिटर काढावे लागतात. तेच चिकणमातीखाली दाबात असलेल्या बंदिस्त थरात हेच प्रमाण, ज्याला तिथे स्टोरेज म्हणतात, ०.०००१ धरलं तर फक्त १ लाख लिटर! म्हणजे तेवढाच उपसा, पण दाब किती पटीने आणि किती लांबपर्यंत पडतो बघा. नॉर्थ डकोटात बाकेन तेलपट्ट्यावर जो फॉक्स हिल्स जलधर आहे तो असाच, तिथल्या पशुपालकांच्या विहिरी आपोआप वाहायच्या, त्यांचा दाब दशकानुदशकं घटत आलाय.

रिगवरचा माणूस:
पण तो दाब तेल यायच्या आधीपासून घटतोय, वर्षानुवर्षं मोकळ्या सोडलेल्या विहिरींमुळे. आणि तेलाची तेजी आली तेव्हा मिसुरी नदीवरच्या साकाकविया जलाशयाचं पाणी पाइपलाइनने आणलंच ना? काही ठिकाणी विहिरीतनं तेलाबरोबर आलेलं खारं पाणीच साफ करून परत फ्रॅकिंगला (दाबाने पाणी सोडून खडक फोडून तेल काढायला) वापरतात. पर्याय आहेत, तुम्ही फक्त नकार धरून बसलाय.

खडकपाणी:
नकार नाही हो, जलाशयाचं पाणी वापरलं हे चांगलंच झालं. पण फॉक्स हिल्सची पातळी अनेक वर्षं मोजलेली होती म्हणूनच त्याच्यावर भार टाकू नये हे कळलं, म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

साधा प्रश्न:
मला यातलं फार कळत नाही, पण पावसाने जेवढं मुरतं तेवढंच उपसलं तर तोटा कसा होईल?

विहीरवाली:
हा गैरसमज फार जुना आहे. मुरणारं पाणी पडून नसतं, ते कुठल्यातरी झऱ्याला, ओढ्याला, झाडांच्या मुळांना जातच असतं. थाइस या भूजलशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडलं होतं की उपसलेलं पाणी आधी साठ्यातनं येतं आणि पुढे, रिचार्ज (मुरणारं पाणी) वाढला नाही तर, बाहेर वाहणाऱ्या पाण्यातनं. तुम्ही सगळं मुरलेलं उपसलंत तर झऱ्याला काय उरणार?

रिगवरचा माणूस:
बरं, मग परवान्यातच लिहा की अमुक पातळी खाली गेली की पंप बंद. मला चालेल. पण झऱ्यापाशी मोजा, आमच्या पंपापाशी नको, तिथे पातळी उतरणारच.

खडकपाणी:
पातळी लिहायची हे एकदम मान्य. पण झऱ्यापाशी नाही! तिथे परिणाम पोचायलाच कधीकधी दशकं लागतात, तोवर प्रकल्प संपून सगळे निघून गेलेले असतात आणि पंप बंद केले तरी झरा आणखी बरीच वर्षं घटतच राहतो. निरीक्षण विहिरी दोघांच्या मधे हव्यात, पंप सुरू व्हायच्या निदान काही वर्षं आधी खणलेल्या, आणि त्यांचं रीडिंग झऱ्यावर जगणाऱ्या लोकांना दर महिन्याला दिसायला हवं.